पानं गळली तरी चाफा जिवंत असतो

ऑक्टोबर लागला की आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या फोनवर एक ठरावीक छायाचित्र येतं. अमेरिकेतली नणंद, कॅनडातली भाची, नाहीतर नुकतीच काश्मीरला जाऊन आलेली शेजारीण ते पाठवते. लालबुंद, केशरी, पिवळी झालेली झाडं, खाली पानांचा सडा आणि त्यात उभी राहून हसणारी ती. आपण ‘किती सुंदर!’ असं लिहून पाठवतो आणि गॅलरीतल्या धुळीनं माखलेल्या मनीप्लँटकडे बघून सुस्कारा सोडतो. मग एखाद्या रविवारी कल्याण-शीळ रस्त्यावरच्या रोपवाटिकेत जाऊन विचारतो, “दादा, असं काही आपल्याकडे लागेल का हो? वसंतात फुलं आणि थंडीत रंगीत पानं?”

दादा धंदेवाईक असला तर ‘लागेल की’ म्हणून काहीतरी काढून देतो. खरं उत्तर असं आहे, की छायाचित्रातली ती झाडं आपल्याकडे लागणार नाहीत. त्यांना फुलण्याआधी कित्येक आठवडे कडाक्याची थंडी सोसावी लागते. थंडी मिळाली नाही तर त्यांच्या कळ्यांना जागच येत नाही. आपल्याकडे जानेवारीतल्या एखाद्या पहाटे पारा पंधरा-सोळावर आला की आपण स्वेटर काढतो. त्या झाडांच्या हिशेबी ती थंडीच नव्हे.

पण म्हणून आपल्याकडे पानगळ नाही, असं मात्र समजू नका. आपल्याकडे पानं गळतात ती थंडीनं नव्हे, तहानेनं. पाऊस सरला, जमिनीतली ओल खाली गेली, की झाड हिशेब करतं. पानांवाटे पाणी उडून जाणार, तर पानंच नकोत! एवढं लक्षात घेतलं तर आपल्या दोन हात गॅलरीतसुद्धा शिशिर आणि वसंत दोन्ही आणता येतात. त्यासाठी परदेशी रोप नको, मोठा खर्च नको. आपल्या ओळखीचं एक झुडूप पुरे. चाफा!

चाफा म्हटलं की तुम्ही लगेच विचाराल, कुठला? बरोबर आहे. आपल्या भाषेनं चाफा हे नाव इतक्या सढळ हातानं वाटलंय की विचारू नका. सोनचाफा वेगळा, हिरवा चाफा वेगळा, कवठीचाफा वेगळा, नागचाफा वेगळा. भुईचाफा तर हळदीच्या कुळातला, जमिनीतून नुसतं फूल वर काढणारा. ही सगळी काही एकाच घराण्यातली मंडळी नव्हेत. मी म्हणते आहे तो खुरचाफा, देवचाफा. पांढऱ्या पाच पाकळ्या, मध्ये हळद सांडल्यासारखा पिवळा रंग, जाड बोटांसारख्या राखाडी फांद्या आणि पान तोडलं की भळभळ वाहणारा पांढरा चीक. गुलाबी आणि लाल फुलांचाही असतो. कण्हेर, तगर, सदाफुली, करवंद ही याची भावंडं.

देवळाच्या आवारात वर्षानुवर्षं पाहिल्यामुळे हा आपला अगदी पुरातन वाटतो. प्रत्यक्षात तो मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. म्हणजे आपल्या मिरची, पेरू, सीताफळाचा माहेरचा शेजारी! युरोपीय लोकांच्या जहाजांमधून तो पूर्वेकडे आला आणि असा रुळला, की बाहेरचा आहे हे सांगितलं तर आजीबाई आपल्यालाच वेड्यात काढतील. शार्ल प्लूमिए (१६४६-१७०४) नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकानं वेस्ट इंडीजमध्ये वनस्पतींचा अभ्यास केला होता, त्याच्या नावावरून शास्त्रज्ञांनी या प्रजातीला ‘प्लूमेरिया’ म्हटलं. निकाराग्वा देशाचं ते राष्ट्रीय फूल आहे, लाओसचंही आहे. हवाई बेटांवर पाहुण्यांच्या गळ्यात घालतात त्या माळा बहुतेक याच फुलांच्या. सून सासरी येऊन घर आपलं करते म्हणतात ना, तसं या चाफ्यानं केलं आहे. आणि एका नव्हे, अर्ध्या जगातल्या घरांत.

आता त्याचं वर्षाचं वेळापत्रक पाहू. कार्तिक संपताना पानं आधी कडेनं, मग पूर्ण पिवळी पडू लागतात. मार्गशीर्ष-पौषात ती एकेक करून गळतात. मेपलसारखा लाल भडका इथे उडत नाही, हे आधीच सांगते. पण दुपारच्या तिरक्या उन्हात ती रुंद पिवळी पानं आणि त्यांच्या फिकट शिरा पाहायला थांबलात तर काम विसराल. माघात झाड संपूर्ण उघडं होतं. महाशिवरात्रीला खिडकाळेश्वराच्या दर्शनाला जाल तेव्हा वाटेत एखाद्या कुंपणात हा दिसला तर बघा, नुसते राखाडी हात वर करून उभा असतो. आणि मग फाल्गुन-चैत्रात त्या उघड्या फांद्यांच्या टोकांवर, बऱ्याचदा पानं यायच्या आधीच, फुलांचे झुबके येतात. वैशाखात बहर. पुढे पावसाळाभर पानांच्या गर्दीतून थोडी थोडी फुलं येतच राहतात.

या वेळापत्रकातले माघाचे दिवस चाफ्याच्या जिवावर उठतात. कसे ते सांगते.

आमच्या भागातल्या एका सोसायटीत फाटकाजवळ चाफा होता. एका वर्षी जानेवारीच्या सभेत विषय निघाला, की ते वाळकं झाड काढून तिथे दोन दुचाक्यांची जागा करावी. कुणाला काही वावगं वाटलं नाही. वाळकं तर दिसतच होतं. तळमजल्यावरच्या एक बाई, एरवी सभेत कधी तोंड न उघडणाऱ्या, उठल्या आणि म्हणाल्या, “आधी सगळे खाली चला.” खाली जाऊन त्यांनी फांदीवर नखानं जरासं खरवडलं. राखाडी सालीखाली हिरवागार गर आणि त्यावर दुधाचा थेंब. झाड राहिलं. पण मनात येतं, त्या बाई त्या दिवशी गावाला गेल्या असत्या तर?

तेव्हा एवढं प्रत्येकीनं शिकून ठेवावंच. पानं नसलेला चाफा मेला आहे की झोपला आहे, हे कसं ओळखायचं? फांदी बोटांनी दाबून बघा. टणक लागली तर जिवंत. थोडी सुरकुतलेली पण घट्ट असेल तर तहानलेली, तरी जिवंतच. मऊ, पोकळ, दाबल्यावर आत जाणारी लागली तर मात्र सडलेली. तरीही खात्री नसेल तर नखानं खरवडायचं. हिरवं दिसलं की झाडावर हात टाकू द्यायचा नाही. आणखी एक. शहरातलं झाड सोसायटीच्या जागेत असलं तरी सोसायटीच्या मर्जीनं तोडता येत नाही. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांच्या जतनाचा कायदा १९७५ सालापासून आहे आणि त्याप्रमाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. शीळ ठाणे महापालिकेत येतं, पुढे डोंबिवलीकडे कल्याण-डोंबिवली महापालिका. कायदा दोन्हीकडे सारखाच. सभेत हे शांतपणे सांगितलं तरी निम्मे हात खाली येतात, असा अनुभव आहे.

कुंडीतल्या चाफ्याला मात्र वेगळाच धोका असतो, तो म्हणजे आपली माया. पानं गळायला लागली की आपल्याला वाटतं, पाणी कमी पडतंय. मग सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक तांब्या, वर डाळ-तांदळाचं धुवण, उरलेला चहा. पानं नसलेल्या झाडाला ते पाणी घेताच येत नाही. माती ओलीच राहते, मुळं सडतात, ती सड खोडात चढते आणि फाल्गुनात फुलं येण्याऐवजी फांद्या मऊ पडतात. थंडीत जे कुंडीतले चाफे जातात ते बहुतेक सगळे असे पाण्यानं जातात. थंड देशात बर्फ जे काम करतो, ते आपल्याकडे कोरडेपणा करतो. तेव्हा पानं पिवळी व्हायला लागली की पाणी कमी करत आणा आणि पूर्ण गळली की जवळजवळ बंद करा. पंधरा दिवसांतून एकदा पेलाभर पाणी, तेही फांद्या सुरकुतल्या तरच. आपल्या भागात टँकरची वाट बघावी लागणाऱ्या इमारती काही थोड्या नाहीत. ज्या दिवसांत बादलीबादलीचा हिशेब ठेवावा लागतो, नेमक्या त्याच दिवसांत काही न मागणारं झाड गृहिणीला आणखी कुठलं मिळणार?

धुळीचंही तसंच. नोव्हेंबर ते मार्च या भागात धूळ कशी असते, ते कपडे वाळत घालणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. ट्रकांची रांग, रस्त्याचं काम, मेट्रोचं काम, नव्या इमारती. तुळशीची, जास्वंदीची पानं धुळीनं गुदमरतात. चाफ्यानं तेव्हा पानंच टाकून दिलेली असतात!

फांदी कशी लावायची

चाफा बियांनी क्वचितच वाढवतात. शेंगा धरतात, जोडीनं, शिंगांसारख्या, पण आपल्याकडे फार कमी. आणि बीपासून आलेलं रोप आईसारखं निघेल याची खात्री नसते. छाटकलम म्हणजे फांदी लावणं, हाच सोपा आणि खात्रीचा मार्ग. त्यामुळे रोप विकत घेण्याआधी आसपास चौकशी करा. ज्यांच्याकडे चाफा आहे ते फांदी द्यायला सहसा नाही म्हणत नाहीत.

फांदी घ्यायची ती झाड उघडं असताना, माघ ते चैत्र. हिरवी कोवळी नको. राखाडी झालेली, अंगठ्याएवढी जाड, फूट-दीड फूट लांबीची घ्यावी. धारदार सुरीनं एका फटक्यात कापावी, चेचू नये. चीक वाहील, तो पुसून टाका. आता इथे बहुतेक जणी घाई करतात. इतर फांद्यांसारखी ही लगेच मातीत खोचायची नाही. सावलीत, हवेशीर जागी, आठ ते पंधरा दिवस नुसती आडवी ठेवून द्यायची. कापलेलं तोंड वाळून त्यावर कडक खपली धरली पाहिजे. ओल्या तोंडाची फांदी मातीत गेली की कुजलीच म्हणून समजा.

मग निम्मी माती, निम्मी जाडी रेती घेऊन त्यात चार बोटं खोल खोचा. फांदी हलू नये म्हणून काठीला सैल बांधा. लावल्यावर एकदा पाणी द्या आणि पानं फुटेपर्यंत हात आवरा. माती वरून दोन बोटं कोरडी झाली तरच थोडंसं. मुळं धरायला दीड-दोन महिने लागतात. रोज उपटून बघू नका! (हे मुलांना नव्हे, आपल्यालाच सांगणं आहे.) होळीच्या सुमारास लावलेली फांदी पावसाच्या आत मूळ धरते. पावसात लावलेली बहुधा सडते. फांदी जाड आणि पक्की असेल तर पहिल्याच वर्षी एखादा झुबका देते, नाहीतर दुसऱ्या वर्षी.

कापलेली फांदी काही आठवडे मातीशिवाय जिवंत राहते, हा चाफ्याचा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या या पट्ट्यात त्याची किंमत फार आहे. गेल्या काही वर्षांत कल्याण-शीळ रस्ता रुंद झाला, कडेची कुंपणं मागे सरकली, अंगणं गेली. डोंबिवली-ठाण्यात चाळी आणि जुन्या तीन मजली इमारती पुनर्विकासाला निघाल्या. घर रिकामं करायचं म्हटलं की बाई काय काय बांधते? भांडी, देव, लग्नातली ट्रंक, मुलांची जुनी पुस्तकं. झाडाचं कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात आलं तरी झाड काही ट्रंकेत बसत नाही.

डोंबिवलीतल्या एका जुन्या चाळीतल्या मावशींची गोष्ट मला ठाऊक आहे. चाळीच्या मागच्या बाजूला त्यांच्या सासूबाईंनी लावलेला चाफा होता. सासूबाई जाऊन पंधरा वर्षं झाली होती. दोघींचं फारसं सख्य होतं असं नाही, ते मावशी स्वतःच सांगतात. पण रोजची पूजेची फुलं त्याच झाडाची. घर सोडायच्या आठवड्यात त्यांनी मुलाकडून पाच फांद्या कापून घेतल्या, वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवल्या आणि भाड्याच्या घराच्या माळ्यावर टाकल्या. सामान लावता लावता महिना गेला. पिशवी उघडली तेव्हा फांद्या सुरकुतल्या होत्या, पण दाबून बघितल्या तर घट्ट. पाचही लावल्या, तीन जगल्या. भाड्याच्या घराच्या मालकिणीनं ‘कुंडीचे डाग पडतात’ म्हणून कुरकुर केली, तेव्हा एक रोप तिलाच देऊन टाकलं. पुढे कुरकुर बंद! एक लेकीकडे गेलं. तिसरं मावशींबरोबर नव्या इमारतीत आठव्या मजल्यावर गेलं. त्या म्हणतात, “आमचं मेलं बोलणं कमीच असायचं. आता रोज सकाळी पहिली तिची आठवण होते.”

तुमच्याही इमारतीची बोलणी सुरू असतील, तर करारावर सह्या होण्याची वाट पाहू नका. येत्या माघातच दोन फांद्या कुंडीत लावून ठेवा. अंगण जाईल तेव्हा जाईल.

कुंडी, ऊन आणि वजन

सुरुवातीला दहा इंची कुंडी चालते, दोन वर्षांनी चौदा इंची करा. मातीची असली तर उत्तम, कारण ती पाणी शोषते. खालचं भोक मोठं असावं, त्यावर फुटक्या विटेचे किंवा मडक्याचे तुकडे. मातीत एक भाग बागेची माती, एक भाग रेती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. नुसतं कोकोपीट वापरू नका. ते पाणी धरून ठेवतं आणि चाफ्याला तेच नको असतं.

ऊन पाच-सहा तास तरी हवं. याबाबतीत तडजोड नाही. उत्तरेकडच्या गॅलरीत, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत असेल, तर चाफा लावून हिरमुसू नका. तिथे पानं येतील, फुलं येणार नाहीत. दक्षिण किंवा पश्चिमेची, दुपारी चटके बसणारी, इतर झाडं करपतात अशी गॅलरी असेल तर मात्र तुमचं भाग्य.

कठड्यावर कुंडी ठेवणं मला अजिबात पसंत नाही, मग ती लोखंडी चौकटीत का असेना. चौदा इंची कुंडी ओल्या मातीसकट तीस-चाळीस किलोच्या घरात जाते, आणि चाफ्याचा भार सगळा वर असतो. पावसाळी वाऱ्यात पानांनी भरलेलं झाड शिडासारखं वारा धरतं. कुंडी जमिनीवरच, कोपऱ्यात, भिंतीला टेकून ठेवावी. खाली ताटली ठेवलीत तर पावसात तिच्यात पाणी साचू देऊ नका. मुळं सडतात ती सडतातच, वर डासांची पैदास.

खत फार लागत नाही. फाल्गुनात कोंब दिसले की मूठभर शेणखत, चमचाभर हाडांचा चुरा आणि चिमूट-दोन चिमूट लाकडाची राख मातीत खुरपून मिसळा. पावसाच्या तोंडाशी पुन्हा एकदा. युरियासारख्या खतानं पानं हातभर होतात आणि फुलं गायब. ‘झाड छान वाढलंय पण फुलत नाही’ अशी तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा खत कुठलं घालता ते विचारते, दुसऱ्यांदा ऊन किती आहे ते.

फांद्या छाटण्याचाही सोस नको. चाफ्याचं फूल फांदीच्या टोकाला येतं. बहर संपला की त्या टोकाखालून दोन-तीन नव्या फांद्या फुटतात आणि त्यांच्या टोकांना पुढची फुलं. टोकं उडवलीत की पुढचा बहर गेला. अगदीच उंच, काठीसारखा वाढला तरच उघडा असताना एखादी फांदी कापा. ती कापलेली फांदीही फुकट जात नाही, हे आता तुम्हाला माहीत आहेच.

पावसाळ्यात पानांच्या पाठी केशरी पूड दिसली तर तो तांबेरा. बोटाला हळद लागल्यासारखी लागते. घाबरू नका, झाड यानं मरत नाही, पण पानं वेळेआधी गळतात. डागाळलेली पानं काढून पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. कुंडीत किंवा खताच्या डब्यात टाकू नका. पानांवर पाणी न मारता मातीत घाला, कुंड्यांमध्ये अंतर ठेवा. कोंबांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर ते पिठ्या ढेकूण. जुन्या दातांच्या ब्रशनं घासून काढा आणि साबणाच्या पातळ पाण्याचा फवारा द्या. दर चार दिवसांनी तीनदा केलं की आटोपतं.

चिकाबद्दल मात्र गंभीरपणे सांगायला हवं. हा चीक अंगाला लागला तर काहींना खाज येते, पुरळ उठतं. डोळ्यांत गेला तर चांगलीच आग होते. फांदी कापताना हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकची पिशवी हाताला गुंडाळा आणि नंतर साबणानं हात धुवा. पानं तोडून ‘दूध काढण्याचा’ खेळ लहान मुलांना फार आवडतो, वर्गातल्या मुलांनाही मी तो खेळताना पाहिलंय. ओरडण्यापेक्षा एकदा नीट समजावून सांगितलेलं बरं. रांगतं मूल घरात असेल तर कुंडी त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. पोटात घ्यायचे घरगुती उपाय कुणी सांगितले तर मुळीच करू नका.

आता एक नाजूक विषय. ‘चाफा स्मशानात असतो, घरापुढे लावू नये’ असं तुम्हाला कुणी ना कुणी सांगेल, बहुधा सासरच्याच बाजूचं. चाफा दफनभूमीत असतो हे खरं. तसाच तो देवळांत असतो, दर्ग्यांच्या आवारात असतो, श्रीलंकेत बुद्धविहारांच्या दारी असतो. का, याचा विचार केला तर उत्तर साधं आहे. जिथे रोज पाणी घालणारं कुणी नसतं, तिथे हे झाड जगतं. चीक असल्यामुळे गुरं-शेळ्या तोंड लावत नाहीत. आणि फुलं आपणहून, ताजी असतानाच गळतात, कुणी तोडावी लागत नाहीत. म्हणजे माणसांनी आपल्या गेलेल्यांच्या जवळ एक न मागता फुलं वाहणारं झाड लावलं. यात अशुभ काय आहे, मला तरी कळत नाही. तरीही घरात वडीलधाऱ्यांना नकोच असेल तर वाद घालू नका. रोप इमारतीच्या फाटकाशी लावा. फुलं सगळ्यांनाच मिळतील, आणि पूजेला तीच आजी पहिली ओंजळभर गोळा करील.

संध्याकाळी या फुलांचा वास वाढतो, हे लक्षात आलंय का तुमच्या? अंधार पडल्यावर येणाऱ्या मोठ्या पतंगांना ते बोलावणं असतं. गंमत म्हणजे फुलात त्यांच्यासाठी मध नसतो. पतंग बिचारे एका फुलातून दुसऱ्यात मध शोधत हिंडतात आणि झाडाचं परागणाचं काम फुकटात होतं.

थंडीतल्या रंगासाठी जोडीदार

चाफ्याची पिवळी पानं म्हणजे काही रंगांची उधळण नव्हे. मार्गशीर्ष-पौषात डोळे निववील असा लाल रंगच हवा असेल, तर चाफ्याच्या शेजारी लालपत्ता लावा. रोपवाटिकेत याला पॉइन्सेटिया म्हणतात. हाही मूळचा मेक्सिकोचाच. अमेरिकेचे मेक्सिकोतले पहिले राजदूत जोएल पॉइन्सेट यांनी १८२८ च्या सुमारास तो आपल्या देशात नेला, त्यांचंच नाव त्याला पडलं. जो लाल भाग आपल्याला फूल वाटतो, ती खरं तर पानं. फुलं म्हणजे मधले ते छोटे पिवळे मणी.

याची एकच अट आहे, रात्री पूर्ण काळोख. दिवस लहान आणि रात्री लांब व्हायला लागल्या की त्याची वरची पानं लाल होतात. पण रात्री दिव्याचा उजेड त्याच्यावर पडत राहिला तर त्याला रात्र झाल्याचं कळतच नाही आणि ते हिरवंच राहतं. हायवेच्या दिव्यासमोरच्या, किंवा रात्री अकरापर्यंत ट्यूबलाइट जळणाऱ्या गॅलरीत लालपत्ता लाल का होत नाही, याचं कारण हे. ऑक्टोबरपासून आठ-दहा आठवडे त्याला संध्याकाळी सहा ते सकाळी आठ काळोखात ठेवा. जागा नसेल तर पुठ्ठ्याचं खोकं उलटं घातलं तरी चालतं. नाताळाच्या सुमाराला रंग चढतो. फेब्रुवारीत रंग ओसरला की अर्ध्यावर छाटा. चीक यालाही आहे, तेव्हा तीच काळजी.

खरं तर आपल्या सह्याद्रीची स्वतःची एक धायटी आहे. फेब्रुवारीपासून घाटाच्या उतारांवर लाल फुलांनी ती पेटलेली दिसते, शिंजीर पक्षी तिच्याभोवती घिरट्या घालतात. बाळंतपणानंतर आपण घेतो त्या दशमूलारिष्टासारख्या आसव-अरिष्टांत तिचीच वाळलेली फुलं घालतात, ते आंबवण्यासाठी. रोपवाटिकांत ती सहजी मिळत नाही, आणि डोंगरातून उपटून आणू नये. देशी झाडांची रोपं करणारं कुणी भेटलं तर आवर्जून मागा. मागणी झाली तर ते ठेवतील.

चाफ्याकडे पुन्हा येते, कारण एक प्रश्न मला दरवर्षी फाल्गुनात विचारला जातो. टोकाला काहीतरी हिरवं आलंय, ते पान की फूल? बारीक, टोकदार, पक्ष्याच्या नखासारखं असेल तर पान. बोथट, जाड देठ आणि त्यावर मोहरीएवढ्या मण्यांचा गुच्छ दिसला तर फूल. मणी दिसले की पाणी पुन्हा सुरू करायचं, आधी चार दिवसांनी एकदा, मग दोन दिवसांनी, पानं मोठी झाली की रोज. पहिलं फूल उमलायला साधारण महिना जातो. गळलेली फुलं केरात लोटू नका. पितळी घंगाळ्यात नाहीतर साध्या स्टीलच्या परातीत पाणी घेऊन त्यावर सोडा आणि दाराशी ठेवा, संध्याकाळपर्यंत टिकतात.